गावाकडे घर बांधताना : परवानगीचा प्रश्न नकाशाच्या आधी जमिनीचा असतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील मूळ गावी आपले वडील आणि चुलते यांच्या सामाईक नावावर ३१ गुंठे जिरायत जमीन आहे. गावातल्या मारुतीच्या देवळापासून ती चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि तिच्या एका कोपऱ्यातील चार गुंठ्यांवर आई-वडिलांसाठी सुमारे १,४०० चौरस फुटांचे घर बांधावे, असा आपला विचार आहे. सरपंच म्हणतात, ३,२०० फुटांपर्यंत परवानगी लागतच नाही, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरे. तलाठी म्हणतात, आधी एनए (जमिनीची अकृषिक परवानगी) करा. तालुक्याचा एजंट म्हणतो, सगळे दोन महिन्यांत हातात देतो, निम्मे पैसे आधी द्या. यांतले खरे कोणाचे, आणि घराचा नकाशा कोणाकडून काढून घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक अभियंता म्हणून काम करतो आहे आणि या काळात माझ्या टेबलावर आलेली निम्मी प्रकरणे याच तिघांच्या सल्ल्यांत अडकलेली होती. सरपंच आणि तलाठी दोघेही अर्धे बरोबर आहेत. एजंटाविषयी पुढे लिहितो. आपला दुसरा प्रश्न मात्र तूर्त बाजूला ठेवावा, कारण ग्रामीण भागात परवानगी अडते ती घराच्या नकाशामुळे क्वचितच. ती अडते जमिनीच्या कागदांमुळे आणि त्याहूनही जास्त वेळा रस्त्यामुळे. नकाशा हे शेवटचे काम आहे.

प्रथम आपली जमीन गावठाणात आहे, गावठाणालगत आहे की त्याच्याही पलीकडे आहे, हे ठरवावे लागते, कारण परवानगी कोण देणार आणि कोणत्या कायद्याखाली देणार हे त्यावर अवलंबून असते. गावठाण म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी हद्द ठरवून दिलेली गावाची जागा. ती गावाच्या नकाशावर असते. ती आपल्या नजरेला दिसणारी वस्ती नव्हे. गेल्या चाळीस वर्षांत गाव रस्त्याच्या कडेने दोन्ही बाजूंना पसरले, शाळा झाली, पतसंस्था झाली, दुकानांची रांग उभी राहिली. पण गावठाणाची रेषा अनेक गावांत जुन्या वेशीपाशीच थांबलेली आहे. वाड्या-वस्त्यांचे तर विचारूच नये. पन्नास उंबऱ्यांची वाडी असते, तिथे देऊळ असते, अंगणवाडी असते आणि नकाशात ते सगळे निव्वळ शेत असते. म्हणून मारुतीच्या देवळापासूनचे अंतर कामाचे नाही. अंतर मोजायचे ते नकाशावरील गावठाणाच्या हद्दीपासून.

हे अंतर इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. पूर्वी शेतजमिनीवर घर बांधायचे म्हणजे कलम ४४ खाली अकृषिक परवानगीचा स्वतंत्र अर्ज करावा लागे आणि तो डझनभर कार्यालयांच्या अभिप्रायांसाठी फिरत राही. गेल्या दहा-बारा वर्षांत कायद्यात ४२-अ पासून ४२-ड पर्यंतची कलमे आली आणि ही पायरी टप्प्याटप्प्याने सोपी होत गेली. त्यांपैकी ४२-ड हे कलम आपल्यासारख्यांच्या उपयोगाचे आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी रूपांतरित झाल्याचे मानले जाते, आणि तिच्यासाठी वेगळा एनए आदेश मागण्याऐवजी रूपांतराची ठरलेली रक्कम चलनाने भरायची असते. म्हणजे तलाठ्यांचे ‘आधी एनए करा’ हे सांगणे हेतूने बरोबर आणि शब्दांनी जुने आहे. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून मीही तीच लिहितो.)

मात्र ‘मानले जाते’ या शब्दांचा अर्थ ‘काही करायचे नाही’ असा घेऊ नये. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे हस्तांतरणाला शासनाचे बंधन नसलेली असावी लागते, किंवा वर्ग २ ची, म्हणजे असे बंधन असलेली असल्यास शासनाला नजराणा भरून परवानगी वेगळी घ्यावी लागते. आपली जागा त्या २०० मीटरच्या पट्ट्यात येते, हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशावरून सिद्ध व्हावे लागते. आणि रूपांतर म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती त्यानंतरची, वेगळी पायरी आहे. या दोन गोष्टी एकच समजून रूपांतराचा कागद हातात येताच पाया खोदणारे लोक मी पाहिले आहेत.

आता सरपंचांच्या ३,२०० फुटांविषयी. ही अफवा नाही, तिच्यामागे खरा निर्णय आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामाईक नियम, लागू झाली. बृहन्मुंबई, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे काही अपवाद सोडले तर प्रादेशिक योजनांची (शहरांबाहेरील जमिनीच्या वापराचे शासकीय आराखडे) क्षेत्रेही तिच्याखाली आली. तिच्यात लहान भूखंडांसाठी सवलत आहे, आणि २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने तीच ग्रामीण भागासाठी स्पष्ट केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडासाठी मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचे वास्तुविशारदाचे किंवा परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत दाखल करून विकास शुल्क भरले आणि पोच घेतली की काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३,२०० फुटांपर्यंत, अशाच कागदपत्रांवर ग्रामपंचायत दहा दिवसांत शुल्क कळवते आणि ते भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, देते. त्यापुढे नगररचना विभागाची तपासणी लागते.

घोटाळा एका शब्दाचा आहे. हे आकडे भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नाहीत. आपले घर १,४०० फुटांचे असले तरी चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट होतात, म्हणजेच ४०० चौरस मीटरच्या वर. आणि जमीन सामाईक असल्याने आपला भूखंड चार गुंठ्यांचा तरी कुठे आहे? कागदावर तो अख्खा ३१ गुंठ्यांचा गट आहे. तेव्हा सरपंचांचा ३,२०० चा आकडा खरा असूनही आपल्याला लागू होत नाही. शिवाय ज्यांना तो लागू होतो त्यांनाही मोजणी नकाशा, मालकी आणि अभियंत्याचे प्रमाणपत्र चुकत नाही. ‘परवानगी लागत नाही’ या तीन शब्दांच्या दिलाशावर घरे बांधली जातात आणि नऊ-दहा वर्षांनी बँकेत किंवा विक्रीच्या वेळी त्याची किंमत कळते.

गावात आणखी एक समजूत घट्ट बसलेली आहे, ती इथेच सांगून टाकतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली, विजेचा मीटर बसला, म्हणजे घर कायदेशीर झाले असे लोक धरून चालतात. नमुना ८ हे कर आकारणीचे दप्तर आहे. अनधिकृत घरालाही कर लागतो आणि वीजही मिळते. त्या उताऱ्यावर मालकी ठरत नाही आणि बांधकामाची वैधताही ठरत नाही. गावठाणातील मालकीसाठी आता ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू आहे आणि आपल्या राज्यात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात तिचा प्रयोग झाला होता. आपली जागा गावठाणाबाहेरची असल्याने आपल्याला मिळकत पत्रिका लागणार नाही. आपले दप्तर सातबाराच.

त्या सातबाऱ्याकडे आता नीट पाहू. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, तो प्रथम काढावा आणि सोबत ८-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा, घ्यावा. लोक गट क्रमांक, क्षेत्र आणि नाव पाहतात व उतारा घडी घालून ठेवतात. माझी नजर आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर जाते. तिथे विकास सोसायटीचा बोजा असेल तर तो फेडून कमी करून घेणे हे वेळेचे काम आहे, अडचणीचे नाही. कुळाची नोंद असेल, किंवा जमीन कूळ कायद्याने मिळालेली असून कलम ४३ च्या शर्तीचा शेरा असेल, तर जुने फेरफार (हक्कातील बदलांच्या नोंदी) काढून तो प्रश्न आधी मिटवावा लागतो. सातारा-सांगली भागातील लाभक्षेत्राच्या गावांत ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पुष्कळ सातबाऱ्यांवर अजून बसलेला आहे. कोकणात हाच रकाना पाहताना ‘राखीव वने’ किंवा खाजगी वनाची नोंद शोधावी लागते; १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यातून आलेली ती एक ओळ असली की घराचा विषयच थांबतो. आपल्या उताऱ्याची प्रत आपण पाठवलेली नाही, म्हणून याहून ठाम सांगता येत नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे नावे. वडील आणि चुलते दोघांचीच नावे आहेत असे आपण लिहिले आहे. आजोबांच्या वारसांचा फेरफार कोणत्या साली झाला आणि आत्यांची नावे तेव्हा लागली होती की नाही, हे तपासा. लागली असतील आणि नंतर कमी झाली असतील तर ती कशाच्या आधारे झाली? नोंदणीकृत हक्कसोड पत्र असेल तर उत्तम. नुसत्या जबाबावर नावे कमी झाली असतील तर तो धोंडा पाण्याखाली आहे असे समजावे. आज दिसत नाही, पण घर उभे राहिल्यावर कोणी अर्ज केला की वर येतो. दिवाळीला आत्या माहेरी येतात तेव्हा हा विषय काढणे कोणालाच बरे वाटत नाही. तरी तो भिंती उभ्या राहण्याआधी निघालेला बरा.

मग वाटणी करून चार गुंठे वेगळे का काढू नयेत, असे आपल्या मनात येईल. इथे तुकडेबंदी कायदा आडवा येतो. १९४७ च्या या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तुकडा निर्माण होईल असे हस्तांतरण किंवा वाटणीही करता येत नाही, आणि २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान जमीन तुकडा ठरते ते क्षेत्र, बागायतीसाठी १० गुंठे व जिरायतीसाठी २० गुंठे झाले आहे. ३१ गुंठे जिरायतीचे दोन समान भाग केले तर प्रत्येकी साडेपंधरा येतात, दोन्ही तुकडेच. या कायद्यात अलीकडे बऱ्याच शिथिलता आल्या आहेत, त्या आपल्या गटाच्या क्षेत्राला लागू होतात का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. माझा सल्ला मात्र असा की केवळ परवानगीसाठी वाटणीच्या मागे लागू नये. सर्व सहधारकांच्या संमतीने संपूर्ण गटावर अर्ज करता येतो. चुलत्यांचे संमतीपत्र साध्या कागदावर न घेता त्यात गट क्रमांक, घराची जागा दिशांसह, येण्याजाण्याची वाट आणि विहिरीच्या पाण्याचा उल्लेख असू द्यावा, आणि शक्य असेल तर ते नोंदवून घ्यावे. चुलते आज प्रेमाने ‘बांध की’ म्हणतात. त्यांच्यामागे त्यांची मुले तसेच म्हणतील हे गृहीत धरू नये. कर्ज काढणार असाल तर बँकेशी याच टप्प्यावर बोला, कारण सामाईक जमिनीवर तारण घेताना बहुतेक बँका सर्व सहधारकांच्या सह्या मागतात.

काही जण शेतघराची पळवाट सुचवतील. शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधण्याची तरतूद खरीच आहे, पण एकत्रीकृत नियमावलीत त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे क्षेत्र लागते. आपण नऊ गुंठ्यांनी कमी पडता. तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे.

आता मोजणी. हद्द कायम मोजणीचा अर्ज ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीवरून भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे करावा. मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आता राहिले आहेत. पुण्याहून सुट्टी काढून यायचे असल्याने आपण द्रुतगतीचे शुल्क भरलेले परवडेल. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात आणि ठरलेल्या दिवशी भूकरमापक येतो. त्या दिवशी स्वतः हजर राहावे, वडिलांना एकटे पाठवू नये. रोव्हरच्या (उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राच्या) काठीवरचा ठोकळा बांधाच्या आत सरकत सरकत येतो आणि शेजारी ‘आमच्या आज्यापासून हितंच बांध आहे’ असे म्हणत उभा राहतो, तेव्हा भूकरमापकाने दाखवलेल्या खुणेवर त्याच क्षणी दगड रोवून, फोटो काढून आणि पंचनाम्यावर सह्या घेऊन ठेवणे हे आपलेच काम असते. संध्याकाळी मोजणीवाले निघून जातात आणि चुन्याची रेघ एका पावसात पुसते. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, मार्ग त्याला मोकळा आहे, त्याबद्दल बांधावर वाद घालू नये. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. पुढच्या प्रत्येक टेबलावर तीच प्रत मागतात.

याबाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांच्या घरासाठी मी बांध हीच हद्द धरून नकाशा काढला, कारण बांधावर जुनी बाभळीची झाडे होती आणि दोन्ही शेजारी हद्दीबाबत एकमताने बोलत होते. जोता झाल्यावर मोजणी आली आणि पश्चिमेकडची कॉलमची ओळ चार फूट शेजाऱ्यात निघाली. शेजारी भला माणूस होता म्हणून चार फुटांच्या बदल्यात दुसरीकडची जागा घेऊन त्याने ते मिटवले, पण पडवी तोडावी लागली आणि ती मी माझ्या खर्चाने तोडली. तेव्हापासून ‘क’ प्रत समोर नसेल तर मी पेन्सिल उचलत नाही.

रस्त्याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपण त्याचा उल्लेखही केलेला नाही आणि अर्ज नेमका तिथेच अडेल अशी मला शंका आहे. शेताला जायची वाट आहे म्हणजे घराला रस्ता आहे, असे होत नाही. गावाचा नकाशा काढून पाहा. त्यावर एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. आपल्या गटाला यांपैकी एखादी रेषा लागत असेल तर काम सोपे आहे. प्रत्यक्षात ती पाणंद दोन्ही बाजूंनी नांगरून आठ फुटांवर आली असली तरी कागदावरील रुंदी तुमच्या बाजूने आहे आणि अतिक्रमण काढून मागता येते. रुंदी नियमापेक्षा कमी पडत असेल तर आपल्या गटातून रस्त्यासाठी पट्टा सोडून घर मागे घ्यावे लागेल, म्हणून चार गुंठे कुठले धरायचे याचा निर्णय रस्ता कळल्यावरच घ्यावा.

नकाशावर काहीच नसेल आणि आपण आजवर दुसऱ्याच्या बांधावरून जात असाल तर प्रश्न कठीण होतो. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात आणि अस्तित्वातील वाट कोणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा दूर करून मिळतो. पण या दोन्ही तरतुदी शेतीच्या वापरासाठी आहेत. बैलगाडी, ट्रॅक्टर, ऊस बाहेर काढणे यासाठी मिळालेला हक्क निवासी भूखंडाचा पोचरस्ता म्हणून नगररचना कार्यालय सहसा धरत नाही. अशा वेळी एकच पक्का उपाय उरतो, तो म्हणजे ज्यांच्या गटातून वाट जाते त्यांच्याकडून रुंदी आणि लांबी नमूद केलेला, नोंदणीकृत रस्त्याच्या हक्काचा दस्त करून घेणे आणि तो दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कात नोंदवणे. त्यासाठी पैसे मोजावे लागले तर मोजावेत. घर झाल्यावर त्याच वाटेची किंमत तिप्पट सांगितली जाते, हे मी अनेकदा ऐकले आहे.

यानंतर जागेवरील इतर बंधने. जमीन राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गालगत असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा सोडून बांधावे लागते व सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभिप्राय लागतो. डोक्यावरून उच्चदाबाची तार जात असेल तर तिच्याखालचा पट्टा सोडून द्यावा. उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर बांधकाम होत नाही. कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावांत पूररेषा पाहणे अत्यावश्यक आहे: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध असते आणि दोन्ही रेषांच्या मधल्या क्षेत्रात जोत्याची उंची व इतर अटींसह बांधकाम करता येते. २०१९ च्या पुरानंतर या रेषा कार्यालयेही गांभीर्याने पाहू लागली आहेत.

गावठाण, रस्ता आणि ही बंधने कळली की झोन दाखला, म्हणजे योजनेत जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे याचा दाखला, मागावा. आपला गट २०० मीटरच्या बाहेर निघाला आणि प्रादेशिक योजनेत शेती विभागात असला तरी लगेच निराश होऊ नये, कारण गावाच्या लोकसंख्येनुसार गावठाणालगतच्या ठराविक अंतरापर्यंत अधिमूल्य भरून निवासी बांधकामाची तरतूद आहे. खर्च वाढतो, अर्जाची वाट लांबते, इतकेच.

आता परवानगीचा अर्ज कोणाकडे? गावठाणाच्या आत ग्रामपंचायत, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ खाली जिल्हाधिकारी, आणि प्रत्यक्षात त्यांचे अधिकार सोपवलेले महसूल अधिकारी, नगररचना शाखेच्या शिफारशीवर. पुण्याभोवतीच्या गावांत पीएमआरडीएसारखे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्राधिकरण असते; आपल्या गावाला ते लागू नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आपण घ्याच, पाणी आणि सांडपाण्याच्या दृष्टीने तो उपयोगी पडतो, पण गावठाणाबाहेर तो परवानगीची जागा घेत नाही. सरपंचांना हे सांगताना थोडे जपून सांगावे, त्यांच्याशी आयुष्यभर संबंध राहणार आहे.

अर्जासोबत जोडायचे ते सगळे वर आलेच आहे: सातबारा, ८-अ, फेरफार, ‘क’ प्रत, संमतीपत्र, रस्त्याचा पुरावा, झोन दाखला, रूपांतराचे चलन. नकाशाचे काम इथे सुरू होते, आणि तो परवानाधारक व्यक्तीकडूनच हवा. अभियंता निवडताना एक साधी कसोटी लावावी. जो पहिल्या भेटीत समोरच्या खोलीला किती खिडक्या हव्यात असे विचारतो त्याच्यापेक्षा, जो गटाचा नकाशा मागतो तो निवडावा. संरचनेच्या प्रमाणपत्राकडे केवळ जोडायचा कागद म्हणून पाहू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला. गवंडी म्हणतील, दोन मजली थोडेच आहे, कशाला एवढे लोखंड? त्यांचे ऐकू नये.

एजंटाविषयी. सगळेच वाईट नसतात. फायली कुठल्या टेबलावर आहेत हे त्यांना कळते आणि पुण्यात नोकरी करणाऱ्याला रोज तहसीलला जाता येत नाही हे खरे आहे. परंतु ‘दोन महिन्यांत सगळे’ हे वाक्य ज्याने अजून सातबारा पाहिलेला नाही त्याने उच्चारले असेल तर तो अंदाजाने बोलतो आहे. माझ्या अनुभवात कागद स्वच्छ असतील तर मोजणीपासून प्रारंभ प्रमाणपत्रापर्यंत चार ते सहा महिने धरावेत, आणि रस्ता किंवा वारस नोंद निघाली तर वर्ष. एजंटाला काम द्यायचेच असेल तर टप्प्याटप्प्याने द्यावे आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे पावती किंवा पोचक्रमांक दाखवल्यावरच द्यावेत. शासकीय शुल्क स्वतःच्या खात्यातून चलनाने भरावे. अर्ज अधिसूचित सेवेत मोडत असेल आणि मुदतीत उत्तर आले नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. आवाज न चढवता केलेले एक लेखी अपील दहा हेलपाट्यांपेक्षा लवकर काम करते.

परवानगी हातात आल्यावरही दोन-तीन गोष्टी राहतात. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते; त्या अवधीत काम सुरू करावे, अन्यथा नूतनीकरण करून घ्यावे. भरावासाठी बाहेरून मुरूम आणणार असाल तर गौण खनिजाच्या परवान्याची पावती पुरवठादाराकडून मागून ठेवा, नाहीतर दंडाची नोटीस जमीनमालकाच्या नावे येते. जोता झाल्यावर तो मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र अभियंत्याकडून दाखल करून घ्यावे. बांधता बांधता एक खोली वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. वाढवायची तर सुधारित नकाशा मंजूर करून वाढवावी. घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे मंजुरीप्रमाणे बांधलेल्या घरात राहण्याची परवानगी, घ्यावे. ग्रामीण भागात नव्वद टक्के लोक ते घेत नाहीत असे म्हटले तरी कोणी मला खोटे पाडणार नाही, आणि म्हणूनच ज्याच्याकडे ते असते त्याचे घर विकताना किंवा तारण ठेवताना अडत नाही. नमुना ८ ची नोंद त्यानंतर करावी.

याच क्रमाने जायचे तर या आठवड्यात आपल्याला फक्त तीन कागद काढायचे आहेत: डिजिटल सातबारा, गावाचा नकाशा आणि आजोबांच्या वारसांचा फेरफार. ते घेऊन मोजणीचा अर्ज भरा. सुगी होऊन रान मोकळे झाले की मोजणीला अडथळा राहत नाही, त्यामुळे तारीख त्या बेताने मागा. ‘क’ प्रत आणि रस्त्याची स्थिती कळल्यावर पुन्हा लिहावे. घराचे तोंड पूर्वेला ठेवायचे की रस्त्याकडे, हा आपण शेवटी विचारलेला प्रश्न तेव्हाच सुटेल.